स्वीडन का उतरलं?
प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की मला अमेरिकेत, रेडमंडमधला तो शनिवार आठवतो. अकरावीतल्या माझ्या मुलीने शाळेसाठी निबंध लिहिला होता, युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात बाहेरच्या राजांची सैन्यं कशी उतरली यावर. प्रिंटरमधून निघालेली पानं मी वाचली; भाषा इतकी सफाईदार होती की हे एआयनेच लिहिलंय असा मला संशय आला. ती पोहायला गेल्यावर मी तिचा लॅपटॉप तासभर चाळला. काहीच सापडलं नाही. तरी ती ओल्या केसांनी परतताच मी उलटतपासणी सुरू केली. "स्वीडन का उतरलं?" "प्रोटेस्टंट लोकांना वाचवायला, असं म्हणाले. बट दे वॉन्टेड द बाल्टिक कोस्ट." "आणि फ्रान्स तर कॅथलिक ना?" "सो? स्पेन आणि ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजांनी त्यांना दोन्हीकडून घेरलं होतं, म्हणून ते प्रोटेस्टंट साइडला गेले." ती कुठेच अडखळली नाही. मग तिची नजर उघड्या लॅपटॉपवर गेली. "बाबा, यू चेक्ड?" "तुला मदत करायला," मी म्हणालो. "द किंग्ज ऑल सेड दॅट," म्हणत ती निबंध उचलून खोलीत गेली. आता ती कॉलेजात इतिहासच शिकते. काय लिहितेस विचारलं की मोघम काहीतरी सांगते, आणि ती काही लपवतेय का, हे तिच्या आवाजात शोधायची माझी खोड अजून गेलेली नाही.