पंधरावी काठी

मैदानावरचे लोक त्यांना तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठीमागे ‘पंधरावे’. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती. चव्वेचाळीस वर्षं गोल्फ खेळून आणि शिकवून माणसाच्या वाट्याला शेवटी काय यावं, तर एक आकडा! पण मास्तरांनी त्यावरून कधी कपाळाला आठी घातली नाही.

आज त्यांचा निरोपसमारंभ होता. सकाळी त्यांनी दुरुस्तीच्या खोलीतला शेवटचा खण रिकामा केला. काठीच्या मुठीखाली लावायची चिकटपट्टी, पॉलिश पेपर, शिकाऊ लोकांनी रागानं आपटून वाकवलेल्या काठ्या. त्या खोलीच्या वासानंच त्यांना जुने दिवस आठवले. काय दिवस होते ते! दर आठवड्याला नवं गाव, नवं मैदान. स्वस्तातल्या लॉजवर काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीबरोबर एकच खोली, पॅंट गादीखाली घालून इस्त्री, शर्ट बेसिनमध्ये धुऊन पंख्याखाली वाळवलेला. पहिल्या दोन दिवसांत खेळ जमला नाही की तिसऱ्या दिवशी घरी. बायको पेपरातला निकाल खालून वर वाचायची. वरून सुरुवात केली तर नाव सापडेपर्यंत दूध उतू जातं, म्हणायची.

आणि मग ते एक वर्ष आलं. मास्तर बत्तीस वर्षांचे, स्पर्धा मोठी, मैदान घरचंच, आणि शेवटच्या दिवशी सकाळी ते चक्क एका फटक्यानं पुढे. जिंकले असते तर पुढची दहा वर्षं पात्रता फेरीच्या चरकातून सुटका होती.

अठरा होलांपैकी दोन खेळून झाले. तिसऱ्यावर त्यांनी पिशवीतून लांब काठी ओढली, तर तिच्याबरोबर तळातून वर आली एक वीतभर मुठीची चिमुकली काठी. सात वर्षांच्या लेकीसाठी त्यांनीच कापून, लाल पट्टी गुंडाळून केलेली. गोल्फमध्ये पिशवीत चौदाच काठ्या चालतात. पंधरावी निघाली, मग ती खेळण्यातली का असेना, तर खेळलेल्या प्रत्येक होलमागे दोन फटक्यांचा दंड. म्हणजे चार.

कॅडीनं लोकांकडे पाठ केली आणि हळूच म्हणाला, “कुणी बघितलं नाहीये. दे इकडे, झुडपात टाकतो.”

हातातोंडाशी आलेला घास होता तो, आणि नको कोण म्हणतं? पण मास्तरांचे पाय आपोआप पंचांकडे वळले. संध्याकाळी ते तीन फटक्यांनी हरले. हिशोब ज्यानं त्यानं करावा.

पत्रकारांना त्यांनी सांगितलं, जुनी काठी काढायची राहिली, मोजायला विसरलो. बायकोलाही तेच. दुसऱ्या दिवशी गावभर हसं झालं. चौदापर्यंत मोजता न येणारा खेळाडू म्हणून. कॅडीला मात्र त्यांनी शपथ घातली होती, की खरं माझ्या लेकीच्या कानावर जाता कामा नये. आपल्यामुळे बाप हरला, हे ओझं तिनं जन्मभर का वाहायचं? त्यानंतर त्यांच्या हाती मोठी स्पर्धा लागली नाही ती नाहीच. चाळिशीत त्यांनी शिकवायला घेतलं.

दुपारी हॉलमध्ये चहा झाला, भाषणं झाली. अध्यक्षांनी पंधराव्या काठीचा विनोद केलाच. न करतील तर अध्यक्ष कसले! मग कॅडी उठला. म्हातारपणी त्याच्या तोंडाला कुलूप राहिलं नव्हतं. पहिल्याच रांगेत लेक बसली होती.

“काठ्या मोजणं कॅडीचं काम,” तो म्हणाला. “त्या दिवशी मी मोजल्या नाहीत. एकतीस वर्षं हसताय त्याला. चूक माझी होती.”

मास्तरांना पेच पडला. मित्रावर आळ येऊ द्यायचा, की खरं सांगायचं? ते धडपडत उठले आणि काहीतरी पुटपुटले, की तसं नव्हे, विसरलो तो मीच.

“बाबा, बसा,” लेक म्हणाली आणि उठून त्यांच्याजवळ आली. “तुम्ही सकाळी चहा पीत होतात तेव्हा मीच ठेवली ती. मोठ्या सामन्यात एक फटका माझ्या काठीनं मारावात म्हणून.”

मास्तरांनी विचारलं, “तुला कधी कळलं?”

“त्याच संध्याकाळी. प्रत्येक वेळी घरी आलात की विचारायचात, तुझी काठी कुठंय, दाखव बघू. त्या दिवशी विचारलंच नाहीत.”

“आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“कितीदा तोंडाशी आलं. पण तुम्ही माझ्यासाठी इतकं जपून खोटं बोलत होतात, बाबा. म्हटलं, एवढं तरी तुम्हाला जिंकू द्यावं.”

मास्तर भर सभेत रडले, आणि त्याची त्यांना मुळीच लाज वाटली नाही.