उगवतीची भिंत

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन्सिल आली ती भिंतीवर खूण करायला. चुका दिसतील तिथे वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

मालक जाऊन सव्वा महिना झाला. जन्मभर नवऱ्याचं नाव घेतलं नाही, आता लिहायलाही हात धजत नाही, म्हणून मालकच लिहिते. ते गवंडी होते आणि मी त्यांच्या हाताखाली बिगारी... वाळू चाळायची, माल कालवायचा, घमेलं उचलून द्यायचं. ते गेले त्या दिवशी चुन्याचा माल आदल्या दिवशीच कालवून ठेवलेला होता, म्हणून मी घरी धुणं काढलं होतं. मालक ज्या इमारतीत कामाला होते तिथल्या वकीलसाहेबांचा फोन आला. "बाई, जरा लगेच या," एवढंच म्हणाले. गेले तर मालक तिथल्या व्हरांड्यातल्या खांबाला टेकून बसलेले, पाय पसरलेले, पाण्याचा तांब्या शेजारी. बोटांवरचा चुना अजून ओला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आमची गल्ली म्हणाली, भूतबंगल्याने खाल्लं.

भूतबंगला म्हणजे स्टेशनच्या बाजूची ती जुनी दगडी इमारत. खिडक्या कायम बंद, महिन्यातून एखाद्या संध्याकाळी काळ्या कोटातली चार माणसं आत जायची, आत काय करतात ते कुणाला ठाऊक नाही. फाटकावर नाव लॉज. काम लागलं तेव्हा शेजारच्या पद्मक्काने मला नळावर गाठलं होतं. "काय गं, नवरा लॉजवर जातोय म्हणं? आन तू बी संगट?" सगळ्या बायका हसल्या. मी लाजून अर्धी घागर सोडून आले. मालकांना सांगितलं तर तेच जास्त हसले. "सांग तिला, खोली रिकामी न्हाय म्हणून."

दुसऱ्या गवंड्यांनी ते काम भुताच्या भीतीने नाकारलं होतं. मालकांनी ते घेतलं, कारण आतला गिलावा चुन्याचा होता आणि चुन्याचं काम त्यांना वडिलांकडून आलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी दारावरची खूण पाहिली, गुण्या, म्हणजे गवंड्याचा काटकोन, आणि कंपास एकमेकांत अडकवलेले. लॉजचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्या वकीलसाहेबांना विचारलं, "साहेब, ह्यो गुण्या कुणाचा?"

"आमचाच. आम्ही फ्रीमेसन. मेसन म्हणजे गवंडी."

"मग तुमी बी गवंडीच की! सध्या काम कुटं चालूय?"

साहेब चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग म्हणाले, आम्ही विटा नाही रचत, माणूस घडवायचा प्रयत्न करतो. मालकांना ते फार लागून राहिलं. जेवताना मध्येच थांबून म्हणायचे, "माणूस बांदत्यात म्हणं. ओळंबा कुटं सोडत आसतील गं?"

कचेरीच्या खोलीत जगभरातल्या लॉजच्या तसबिरी होत्या. साहेब एकेक समजावून सांगायचे, मालक मोबाइलवर फोटो काढून आणायचे आणि दुपारी भाकरी खाताना मला दाखवायचे. लंडनची कोपऱ्यावर मनोरा असलेली प्रचंड इमारत. अमेरिकेत फिलाडेल्फिया गाव आहे, तिथल्या लॉजमध्ये एकेक दालन एकेका देशाच्या तऱ्हेचं, एक तर इजिप्तच्या देवळासारखं. क्यूबा देशात लॉजच्या डोक्यावर पृथ्वीचा गोळा बसवलाय. लाहोरच्या लॉजमध्ये आता सरकारी कचेरी आहे म्हणे. कुर्डुवाडीपलीकडे कामाला न गेलेला माणूस बोटाने तो फोटो मोठा करायचा आणि दगडाचे सांधे बघायचा. "ह्ये बग, सांदा कसा बारीक हाय. नाव साहेबाचं, पर सांदा ज्यानं बसवला त्याचा फोटो कुटंच न्हाय."

मला आतल्या दालनात जाता येत नव्हतं. बायकांनी तिथे जायचं नाही ही त्यांची जुनी रीत. मी अंगणात माल कालवायचे, घमेलं उंबऱ्यापर्यंत न्यायचे, पुढे मालक. आतली काळी-पांढरी चौकटीची फरशी मी फक्त त्यांच्या तोंडून ऐकलेली. तीन भिंती झाल्या. पूर्वेची राहिली. तिथे त्यांच्या मुख्य माणसाची खुर्ची असते. मालक तिला उगवतीची भिंत म्हणायचे. तिच्या मजुरीपोटी त्यांनी आगाऊ उचल घेतली होती आणि आमच्या घराच्या छपरावर पत्रे घातले होते. भिंत निम्मीशी झाली आणि...

दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. ऊन चढलं. दीर हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनीला अंतर देणार न्हाय." लेक म्हणाली, "आबा, आईला मी बघते." कावळे फांदीवर बसून राहिले. काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. ओठांवर आलं होतं. पण इतक्या माणसांत माझं तोंड उघडलं नाही... मी आयुष्यभर अशीच. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवला आणि सगळे उठले.

त्यानंतर घरात आवाज सुरू झाला. भर दुपारी गल्ली कामावर गेली की भिंतीवर गिलावा घोटायचा रंधा फिरायचा. खर्र... खर्र... मग थापीची मूठ दोनदा वाजायची, मालक माल मागताना वाजवायचे तशी. मी हातातलं काम टाकून उठायचे आणि घमेलं शोधायचे. पद्मक्काला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, "मागाचा आवाज आसंल गं, पलीकडं कारखाना हाय की." पण माग थापी वाजवत नाहीत. मालकांचा मोबाइलही आपोआप उजळायचा आणि आठवण म्हणून एखादी लॉज दाखवायचा. लंडनची, क्यूबाची. माणसाचा फोटो एकही नाही.

एके सकाळी उठले आणि लॉजवर गेले. वकीलसाहेब व्हरांड्यात होते. मी म्हटलं, "उचल फेडायची हाय."

"बाई, ती आमच्याकडून राहू द्या. कुणी मागणार नाही तुम्हाला."

"पैसं न्हाईत. भिंत पुरी करते."

रीत मोडायला मी एकटा कोण, असं काहीसं साहेब पुटपुटले. आत जाऊन कुणाकुणाला फोन केले. बाहेर येऊन म्हणाले, "कामासाठी आत गवंडी जातो. त्याला आमची हरकत कधीच नव्हती. तुम्ही गवंडी आहात का?"

ठेकेदार नसला की मालक मागच्या भिंती माझ्याकडून करून घ्यायचे. म्हणायचे, "तुजा हात माज्यापरीस हलका हाय. पर कुणाला बोलू नगंस." ते मी कधी कुणाला बोलले नव्हते. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी राहिले. मग म्हटलं, "व्हय."

उंबरा ओलांडला. फरशी त्यांनी सांगितली तशीच होती. समोर अर्धी भिंत आणि मालकांचा शेवटचा हात, डावीकडून वर जाऊन मध्येच थांबलेला, अर्ध्या चंद्रासारखा. भिंत भिजवली, माल स्वतःच कालवला, स्वतःच चढवला, परांचीवर स्वतःच चढले. चुना विसरू देत नाही, घाई करू देत नाही. आठवडा गेला. त्यांच्या गिलाव्याला माझा गिलावा जिथे मिळाला तिथला सांधा रंध्याने घोटून घालवता आला असता. रंधा तिथपर्यंत नेला आणि उचलला. तिरप्या उजेडात बघितलं तर आजही दिसेल... अलीकडे ते, पलीकडे मी.

काम संपलं तेव्हा मी मनात हिशेब धरला होता की बिगारीच्या मजुरीने उचल फिटायला व्हरांड्याचं कामही अंगावर घ्यावं लागेल. साहेबांना तसं सांगितलं. त्यांनी भिंतीवरून तळहात फिरवला, ओळंबा मागून घेतला, स्वतः सोडून बघितला.

"बिगारीचे दिवस कशाला मोजता? हे गवंड्याचे दिवस आहेत," ते म्हणाले, आणि उचल घेताना मालकांनी अंगठा दिलेला कागद माझ्या हातात ठेवला. त्यावर खाली लिहिलं होतं, उचल पूर्ण फिटली.