उचललेला भंडारा

माझा धाकटा भाऊ शिक्रापूरच्या कारखान्यात लागला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पुढं नोकरी गेली, आणि सकाळी तोंड धुण्याआधीच त्याला दारू लागू लागली. दारू सोडवणारा दवाखाना कुठं आहे, हे विचारायचीही चोरी. विचारलं की घर चव्हाट्यावर. मग कोणी झाडपाला सुचवायचं, कोणी चहातून द्यायची पूड. मला या सगळ्यांचा संताप यायचा. मी सासरहून, दौंडहून आले की आबांशी, म्हणजे वडिलांशी, माझं वाजायचंच.

शेवटी आबांनी आमच्यात करतात तेच केलं. खंडोबापुढं बसवून त्याला भंडारा उचलायला लावला. हळदीची ती चिमूट हातात घेऊन केलेली शपथ आमच्यात कोणी मोडत नाही. 'नशेच्या कशाला शिवणार न्हाई,' असं तो म्हणाला, आणि मलासुद्धा वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले. मग त्याला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, आणि जेवता जेवता तो झटका येऊन पडला. रोजची दारू एकदम तोडली की जिवावर बेतू शकतं, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक? शेजारच्या जीपमध्ये घालून शिरूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तो बेशुद्ध असतानाच इंजेक्शन दिलं आणि दौंडच्या एका दवाखान्याचं नाव सांगितलं. तिथं असे पेशंट दाखल करून घेतात म्हणे. माझ्या सासरापासून दोन गल्ल्यांवर! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दौंडला पोचेपर्यंत तो शुद्धीवर आला होता. घामानं निथळत होता. डॉक्टरांनी गोळी पुढं केली.

"हिनं गुंगी येईल का?" त्यानं विचारलं.

"येणारच. झोप लागेल."

"मग ती नशाच की. म्या भंडारा उचललाय."

त्यानं दात घट्ट आवळले. मी ओरडले, हातापाया पडले. परत झटका आला तर हातचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तो मान हलवत राहिला. जन्मात एक शब्द पाळत होता, तोही नेमका हा! मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि रडूही फुटलं.

आबा दाराशी उभे होते. ते आत आले आणि त्याच्या उशाशी बसले.

"भंडारा म्या उचलायला लावला. ती शपथ आजपास्नं माझ्यावर. देवाला जाब द्यायचा तर म्या दीन. तू गोळी घे."

"तुमच्यावर कशी, आबा?"

"म्याबी पितो की. बाजाराच्या दिवशी. आता म्या सोडायची. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. आबा स्वतः मात्र ते कधी बोलले नव्हते. भावानं त्यांच्याकडं बघितलं आणि गोळीसाठी तोंड उघडलं.