मुनीच्या मुलीचं नाव

लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीत तो एकवीस वर्षं नकाशे काढत होता. ऑफिसात सगळे त्याला मुनी म्हणायचे. कारण तो बोलायचा कमी आणि बोलायचा कमी कारण तो अडखळायचा. ओठ मिटून काढायची अक्षरं तर त्याची जन्माची वैरी. ‘प’ आला की ओठ चिकटायचे ते चिकटायचेच.

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याचं नाव पडलं होतं रेडिओ. एकदा सुरू झाला की बटण सापडत नसे. दोघांची गट्टी अठरा वर्षांची. मुनीचं वाक्य अडलं की रेडिओ ते अलगद पूर्ण करायचा, त्याचे फोनही तोच लावायचा. मुनीच्या घरी तो हक्काने जेवायला यायचा. बायको त्याला भावोजी म्हणायची आणि त्याच्यासाठी भाताचा खालचा खरपूस भाग बाजूला काढून ठेवायची.

ऑफिसच्या पार्टीत कसं वागावं, हेही मुनीला रेडिओनेच शिकवलेलं. गट्टीच्या पहिल्याच वर्षी त्याने सांगितलं होतं, “ग्लास डाव्या हातात धर, म्हणजे हात मिळवताना उजवा ओला नसतो. साहेबांच्या टेबलापाशी घुटमळू नकोस. दीड तासात निघ. आणि घरातली गोष्ट घरात. इथे सगळे हसतात, पण ऐकतातसुद्धा.” मुनी हे सगळं काटेकोर पाळायचा. दर वर्षी दीड तास भिंतीशी उभा राहायचा आणि घरी यायचा.

या वर्षी कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून रविवारी दुपारी मोठ्या हॉलमध्ये जेवण होतं, सहकुटुंब. मुनी बायकोला आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीला घेऊन गेला. नवे मोठे साहेब आले होते. रेडिओच्या विभागाला प्रमुख नेमायचा होता, ही कुजबूज सगळ्यांच्या कानावर होती.

जेवणं उरकल्यावर साहेब म्हणाले, “आज कोणी साहेब नाही, कोणी शिपाई नाही. कोणीतरी काहीतरी करून दाखवा.”

रेडिओ उठला. आधी त्याने कॅन्टीनवाल्याची नक्कल केली, मग हिशेबनीस बाईंची. साहेब पोट धरून हसायला लागले. रेडिओला चेव चढला.

“आता आमचे मुनी,” तो म्हणाला, “जन्मनोंदणीच्या खिडकीवर.”

मुनीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“खिडकीतली बाई विचारते, मुलीचं नाव बोला. मुनी म्हणतात, प... प... प...” रेडिओने ओठ चिकटवून, मान ताणून, डोळे फिरवून दाखवलं. “बाई म्हणते, अहो मागे रांग आहे. मुनी पुन्हा, प... प... शेवटी काय, ‘प’ला रामराम. जे नाव तोंडातून सुटलं तेच पोरीला ठेवलं. सासूबाईंचं नाव राहिलं खिडकीच्या बाहेर.”

हॉल हसून हसून लोटपोट. मुनीसुद्धा हसला. चारचौघांत राग दाखवू नये, हेही रेडिओनेच शिकवलेलं. टाळ्यासुद्धा वाजवल्या त्याने, दोन-तीन. मग त्याची नजर बायकोकडे गेली.

ती हसत नव्हती. मुलीच्या जन्माआधी दोन महिने तिची आई गेली होती. मुलगी झाली तर आईचंच नाव ठेवायचं, असं दोघांचं ठरलं होतं. नोंदणीहून परत आल्यावर मुनीने कागद पुढे केला आणि सांगितलं, ऐन वेळी मला हे नाव जास्त आवडलं. बाळंतपणाच्या खाटेवर ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पुढे तिने तो विषय काढला नाही. खरं काय ते मुनीने जगात एकाच माणसाला सांगितलं होतं.

परतीच्या बसमध्ये मुलगी खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर बायकोने पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, “तुम्ही अडखळता म्हणून मी कधी एका शब्दाने बोलले?”

“न-नाही.”

“मग मला का नाही सांगितलंत? भावोजींना सांगितलंत. मला इतकी वर्षं वाटत राहिलं, माझ्या आईची तुम्हाला किंमत नव्हती.”

रेडिओने मुनीचा घात केला होता, पण त्याआधी मुनीने स्वतः काय केलं होतं, तेही आज उघडं पडलं होतं. त्याला धड संतापताही येईना.

सोमवारी रेडिओ चहाचे दोन कप घेऊन आला. “मनावर घेऊ नकोस रे. पार्टीत चालतं. साहेब हसत होते, मला थांबता आलं नाही.”

मुनी म्हणाला, “ती गोष्ट म-मी तुला... ती गोष्ट...”

“विश्वासाने सांगितली होती,” रेडिओने सवयीने वाक्य पूर्ण केलं.

मुनीने हात वर केला. “थांब. वाक्य माझं आहे.” मग बराच वेळ त्याचे ओठ चिकटून राहिले. आजूबाजूच्या टेबलांवर काम थांबलं. “प-प-पुन्हा माझ्या घरी येऊ नकोस.”

चहा तसाच गार झाला.

महिन्याभरात रेडिओ विभागप्रमुख झाला आणि वरच्या मजल्यावर गेला. जिन्यात भेटला की मुनी बाजूला होऊन वाट देतो, ‘सर’ म्हणतो. फोन आता त्याचे त्यालाच लावावे लागतात. पलीकडचे कधी कधी ठेवून देतात, तो पुन्हा लावतो.

बायको आठवडाभर कामापुरतंच बोलली. मग एका सकाळी मुलीने तिला विचारलं, “आजी कशी होती गं?” आणि ती कणीक मळता मळता सांगत बसली. मुनी दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याला आत बोलावलं नाही, जा असंही कोणी म्हणालं नाही.