गाल टेकायची जागा

संपतराव जगदाळ्यांनी दुरुस्त केलेली बंदूक सहसा पुन्हा दुकानात येत नसे, आणि दुकानाच्या मालकाला हे फारसं रुचत नसे. रावपुऱ्यातल्या त्या परवानाधारक दुकानाच्या मागच्या खोलीत संपतरावांनी उभा जन्म काढला. वडील बडोदे संस्थानच्या शिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, होते. संस्थान गेलं, शिलेखाना गेला, पुढे मुंबई राज्य जाऊन गुजरात आला, पण जगदाळ्यांच्या घरातला बंदुकीच्या तेलाचा वास तेवढा गेला नाही. दांडिया बाजारातल्या शेजाऱ्यांची मुलं बँकेत, रेल्वेत, विद्यापीठात चिकटली. संपतरावांना त्याचं वाईट वाटलं नाही. हातात कानस असली की हा माणूस स्वतःच्या राज्यात असे, आणि त्या राज्यात दुसऱ्या कुणाचं चालत नसे.

निरुपमा त्यांची एकुलती एक. लहानपणी तिला सगळं डाव्या हातानं करायची खोड होती. प्रसादाला डावा हात पुढे आला की संपतरावांच्या आई, येसूबाई, तो तिथल्या तिथे मागे सारत. जेवताना तर त्या तो फ्रॉकच्या पट्ट्यात अडकवून ठेवत. संपतराव शेजारच्याच पाटावर असत. आई करते ते बरंच करते, असं समजून वरणभात कालवत. शाळेत जाईपर्यंत मुलगी सुधारली. घरादारानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि सगळे ती गोष्ट विसरून गेले.

कॉलेजला गेल्यावर निरू एनसीसीत शिरली आणि तिथून रायफल क्लबात. क्लबचं सगळं प्रतापसिंहराव पाहत. हे संस्थानी फौजेतले निवृत्त अधिकारी. मिशा अजून फौजेत होत्या. एक दिवस ते दुकानात येऊन म्हणाले, "संपतराव, तुमची मुलगी एकदा आडवी झाली की दगडासारखी स्थिर. असा श्वास मी पोरांतसुद्धा पाहिला नाही. नेम तेवढा इकडेतिकडे जातो, पण त्यात तिचा काय दोष? क्लबची रायफल म्हणजे साऱ्या गावाची चप्पल. तिला तिच्या मापाची बांधून द्या. राज्याच्या संघात गेली नाही तर मला विचारा."

संपतरावांना एवढंच हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बंदुका नीट केल्या; आता एक स्वतःच्या मनासारखी, आणि तीही लेकीसाठी. घरी येऊन त्यांनी विषय काढला, तर निरू आपल्या बडोदेकरी मराठीत म्हणाली, "बाबा, बोल्टवाली नको. ती आपोआप भरणारी मिळाली तर तीच बांधा ने."

"सेमी-ऑटोमॅटिक? ती कशाला?"

"दर गोळीला बोल्ट ओढायला उजवा हात न्यावा लागतो. ते नको वाटतं."

आजकालच्या पोरांना एवढेही कष्ट नकोत, असं संपतरावांच्या मनात आलं. पण लेकीचा हट्ट होता, आणि खरं सांगायचं तर अवघड काम दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. एका जुन्या सरदार घराण्यातली पॉइंट टू-टूची विलायती रायफल विकायला निघाली होती. कचेरीत खेटे घालून त्यांनी ती रीतसर आपल्या परवान्यावर चढवून घेतली.

प्रतापसिंहरावांनी ती पाहिली आणि कपाळाला हात लावला. "आ शुं मांडलंय तुम्ही? दर गोळीला जिच्या पोटात एवढी हालचाल, ती लांबचा नेम काय धरणार?"

"धरेल," संपतराव म्हणाले. त्यापुढे त्यांनी कुणाशी चर्चा केली नाही.

दिवसभर दुकानाची कामं झाली की ते निरूच्या रायफलीला बसत. जाड नळी आणवली. आतला सांगाडा लाकडात असा बसवला, की कितीही गोळ्या झाडल्या तरी तो केसभरही जागचा हलू नये. चाप इतका मऊ केला की बोटाला कळायच्या आत सुटावा. मग दस्त्यासाठी अक्रोडाचं लाकूड आलं, आणि संपतरावांनी निरूचा हात मोजला, मान मोजली, खांद्याचा खळगा मोजला. शिंपी परवडला, असं येसूबाई म्हणाल्या. शेवटी त्यांनी गणपतीची उरलेली शाडूची माती भिजवली. दस्त्यावर गाल टेकतो ती जागा तिच्या गालाच्या ठशावरून कोरायची, असं त्यांच्या मनात होतं. निरूनं डावा गाल पुढे केला.

"अगं, उजवा," असं म्हणून त्यांनी हनुवटीला धरून तिचं तोंड फिरवलं.

तिची नजर ओसरीकडे गेली. तिथे येसूबाई वाती वळत बसल्या होत्या. मग तिनं उजवा गाल मातीवर टेकला.

ती जागा त्यांनी किती घासली याला सुमार नाही. पॉलिश कागद संपले की हाताच्या तळव्यानं घासत. लाकडाला अशी झळाळी आली, की येणारा जाणारा त्यावरून एकदा तरी बोट फिरवून जाई.

रायफल तयार झाली तेव्हा टेबलावर रेतीच्या पिशव्यांत टेकवून संपतरावांनी स्वतः ती चालवून पाहिली. गोळ्या एकाच भोकात गेल्यासारख्या गेल्या. प्रतापसिंहरावांनी कागद उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, "मी माझे शब्द मागे घेतो." त्या दिवशी संपतराव घरी पेढे घेऊन गेले.

आणि निरूच्या हातात ती रायफल गेली की गोळ्या पांगत. वाईट नाहीत, पण बऱ्याही नाहीत. क्लबच्या रायफलीनं जात होत्या तशाच. संपतरावांनी ती उलगडली, पुन्हा बसवली. टेबलावर पुन्हा एकच भोक, निरूपाशी पुन्हा पांगापांग. त्यांनी चाप बदलला, नळीचा मेळ बदलला, खांद्याची पट्टी बदलली. अहमदाबादेत राज्याच्या संघाची निवड झाली, तिथेही तेच. निरू निवडली गेली नाही.

परत आल्यावर रेंजवर, चार माणसांत, ते तिला म्हणाले, "रायफलीत आता कसूर उरलेली नाही. कसूर असलीच तर तुझ्या मनात आहे. तू मन लावलंच नाहीस."

निरूनं रायफल साफ केली, तेल दिलं, पेटीत ठेवली आणि पुन्हा काढली नाही. पुढे ती बी.एड. झाली, लग्न झालं, करजणच्या शाळेत शिकवायला लागली. येता-जाता राही, सगळं गोडीनं चाले. बाप-लेकींत नेमबाजीचा विषय मात्र परत निघाला नाही. संपतरावांना वाटे, आपण बोललो ते कडू होतं पण खरं होतं. दर खंडेनवमीला ते रायफल पाटावर मांडत, कुंकू-अक्षता वाहत, आलेल्यागेलेल्याला गाल टेकायची ती जागा दाखवत. "अशी दुसरी होणार नाही," म्हणत. मग एक उसासा टाकत. तो निरूच्या नावाचा असे.

येसूबाई गेल्या, दुकान सुटलं, गुडघे बोलू लागले. अशाच एका खंडेनवमीला निरू करजणहून आली. तिच्याही केसांत पांढरं दिसू लागलं होतं. संपतरावांना वाकून पेटी काढवेना, म्हणून त्यांनी तिलाच सांगितलं. निरूनं रायफल काढली, रिकामी असल्याची सवयीनं खात्री केली, आणि पाटावर ठेवण्याआधी, काय मनात आलं कोण जाणे, भिंतीकडे रोखून खांद्याला लावली.

डाव्या खांद्याला. तिचा डावा गाल लाकडाच्या त्या बाजूला टेकला जिथे काहीच कोरलेलं नव्हतं. उजवा डोळा मिटला. आणि ती स्थिर झाली. एवढ्या वर्षांनीसुद्धा नळीचं टोक एवढंही हललं नाही.

संपतरावांच्या हातातली कुंकवाची वाटी तशीच राहिली. बंदुकांत जन्म काढलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही.

"निरू, तुझा नेमाचा डोळा डावा आहे?"

तिनं रायफल खाली घेतली. "हो बाबा. उजव्यानं मला तेवढं स्वच्छ कधी दिसलंच नाही."

"हे कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"पहिल्यापासून. म्हणून तर आपोआप भरणारी मागितली. बोल्ट उजवीकडे असतो; तो नसला की कुठल्याही खांद्याला लावता येते ने."

"मग बोलली का नाहीस?"

"डावा गाल पुढे केला होता," निरू म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुम्ही फिरवलात. आजी समोर बसली होती. आणि मग तुम्ही रोज ती जागा घासत बसायचात, इतक्या मायेनं. ती दुसऱ्या बाजूला हवी होती, हे कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

संपतरावांच्या डोक्यात आधी कामच आलं. डाव्या खांद्याला लावली तर उजवीकडून उडणारी रिकामी काडतुसं तोंडापुढून जातील. पितळेची एक लहानशी पट्टी बसवली की भागलं असतं. गाल टेकायची जागा पलीकडे घेतली की झालं. थोड्या दिवसांचं काम. मग त्यांना रेंजवरची ती चार माणसं आठवली, आणि आपलं वाक्य आठवलं, आणि ते भिंतीला टेकून बसले.

"कसूर माझी होती," ते म्हणाले. "सगळं मोजलं मी. तुला तेवढं विचारलं नाही."

"जाऊ द्या ने, बाबा. मुहूर्त टळेल."

तिनं रायफल पाटावर ठेवली, झेंडूची माळ घातली आणि कुंकवाच्या वाटीत उजव्या हाताचं बोट बुडवलं.

"डाव्यानं लाव," संपतराव म्हणाले. "आज डाव्या हातानं लाव."

निरूनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा नाही, रुसवा नाही, तिला खरोखरच ते विचित्र वाटलं होतं.

"असं काय करता बाबा," ती म्हणाली, "पूजेला डावा हात कसा चालेल?"

आणि तिनं उजव्या हातानं कुंकू लावलं.