पाटावरची कासवीण

समोरच्या माणसाच्या डोळ्यांत माझ्या बायकोच्या मामांइतकं टक लावून बघणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. पेणच्या एका कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं गणपतीचे डोळे आखले. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळे माझी नोकरी विचारत होते. मामांनी मला एकदा न्याहाळलं आणि निकाल दिला, "डावा जरा बारीक हाय. चालंल."

त्यांचं दुसरं वेड कासवांचं. डोळ्यामागे लाल पट्टा असलेली स्लायडर कासवं लोक हौसेनं आणतात आणि मोठी झाली की कंटाळतात. ती सगळी मामांच्या टाक्यांत येतात. मूर्ती सुकवायचे दिवे एकदा त्यांनी कासवांवर लावले आणि ऐन श्रावणात चार गणपती ओले राहिले. रोज आठ वाजता ते कासवांना गच्चीवर उन्हाला नेतात. मामी म्हणतात, "माझं गुडघं दुखतात ते दिसत नाय. त्यांना मात्र उचलून नेतात."

एवढा माणूस घरात असताना मी रोह्यात काय केलं? मुलीच्या हट्टापायी रुपयाएवढं कासव आणलं, टबात ठेवलं आणि दोन वर्षं भात घातला. पाठ मऊ पडली, डोळे सुजून मिटले. मामांना विचारायची लाज वाटली. अनंत चतुर्दशीला गणपतीबरोबर त्या कासविणीलाही तळ्यात सोडलं. मुलीला म्हटलं, बाप्पा नेईल तिला. खोटं बोलतोय हे हात जोडतानाच कळत होतं.

मुलीनं मामांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मामा दारात.

"जावयबापू, ती इथली नाय. जगली तर तळ्यातल्या कासवांच्या तोंडचं खाईल. आणि मिटल्या डोळ्यांनी जगायची पण नाय. तुमचा पाट आणा."

ज्या पाटावरून गणपती नेला, तो त्यांनी दोरी बांधून तळ्यात सोडला. कासवाला अंग शेकायला कोरडी जागा लागतेच, म्हणाले. तीन दिवस आम्ही काठावर बसलो. येणारेजाणारे विचारत, "काय हो, बाप्पा परत बोलवताय?" मामा गंभीरपणे म्हणत, "व्हय, एक राहिलाय." तिसऱ्या दुपारी ती चाचपडत पाटावर चढली. मामांनी दोरी इतकी हळू ओढली की पाणीसुद्धा हललं नाही. डोळे मिटलेले होते म्हणून तिला आम्ही दिसलो नाही. माझ्याच पापानं ती हाती लागली.

पेणला तिला ऊन मिळालं, डॉक्टरांचं औषध मिळालं, पाठ टणक व्हावी म्हणून कुरतडायला समुद्रफेस मिळाला. भात बंद झाला. महिन्यानं डोळे उघडले. मामा मला एका शब्दानंही बोलले नाहीत. तेच जिव्हारी लागलं.

आता ती ताटलीएवढी झाली आहे आणि मामांनी कारखाना सोडला आहे. दर रविवारी मी रोह्याहून जातो, टाकी धुतो. "ही अजून पंचवीस वर्सं जगंल," ते म्हणतात, "मी नाय. तुम्ही शिकून घ्या."

गेल्या रविवारी गच्चीवर त्यांनी तिला उचलून चेहऱ्याशी धरलं, बराच वेळ. मग माझ्याकडे दिली.

"बघा जरा, जावयबापू. डोळे उघडे हायत ना? मला हल्ली पुसट दिसतं."

"उघडे आहेत, मामा," मी म्हणालो. "तुमच्याकडेच बघतेय."

या वेळी खरं बोललो होतो.