आजोबांच्या बाकावरची चादर

"हे देवाचं घर हाय, पाळणाघर न्हाई," चर्च कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले.

मी म्हटलं, "मग देवाला सहा दिवस कुलपात कशाला ठेवता?"

कमिटीतले दोघं खाली बघून हसले. सेक्रेटरी हसले नाहीत.

शिरूरच्या आमच्या जुन्या चर्चच्या आवारात मी पाळणाघर चालवते. आधी मिशनच्या दवाखान्यात आया होते. शिक्षण चौथी. पोरं रांजणगावच्या कंपन्यांत पॅकिंगला जाणाऱ्या बायांची, बहुतेक बिहारकडची. मी पोर सांभाळलं नाही तर बाईनं त्याला खोलीत कोंडून शिफ्टला जायचं. दुसरी सोय नाही.

पाळणाघर म्हणजे पत्र्याची शेड. एप्रिलात आत उभं राहवत नाही. शेजारी दगडी चर्च, भिंती हातभर जाड, भर दुपारी आत गार. आणि रिकामं. माझं मागणं एवढंच, की मागचे बाक भिंतीला सरकवा आणि उन्हाळाभर पोरांना तिथं निजू द्या.

पण आमच्यात बाक सरकत नाहीत. प्रत्येक बाकावर कुणाच्या तरी आजोबांच्या नावाची पितळी पट्टी आहे. सगळ्यात पुढचा सेक्रेटरींच्या आजोबांचा. त्यावर पांढरी चादर, आणि तिथं कुणी बसायचं नाही. दर शनिवारी चर्च मी झाडते म्हणून किल्ली माझ्याकडं, पण त्या बाकाखाली झाडू घालायलाही मला मनाई.

पाळकसाहेबांना सांगून बघितलं. त्यांच्याकडं दौंडचंही चर्च आहे, एक रविवार तिथं, एक इथं. म्हणाले, "बाई, कमिटीला दुखवू नका." कमिटी दुखावते. पोरं भाजली तरी चालतात.

मग एका दुपारी गुड्डी पाणी मागता मागता आडवी झाली. चार वर्षांची पोर. अंग चटका बसेल इतकं तापलेलं, डोळे फिरलेले. मी कुणाला विचारलं नाही. चर्च उघडलं, तिला फरशीवर निजवलं, ओल्या फडक्यानं पुसत राहिले आणि डॉक्टरांना बोलावलं. बाकीची पोरंही आत घेतली. पोरगी शुद्धीवर आली. पुन्हा त्या शेडमध्ये ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं.

संध्याकाळी तिची आई धावत आली. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "अम्मा, कल से कहाँ रखूँ इसे?"

तोवर सेक्रेटरी येऊन किल्ली घेऊन गेले होते. गुड्डीची तब्येत त्यांनी विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्येच मीटिंग भरली. माझ्यावर आरोप असा की, पोरांनी बाकांची नासधूस केली. गुड्डीची आई खाडा करून, पोरीला कडेवर घेऊन दारात उभी होती. पुरावा दाखवायला सेक्रेटरींनी आजोबांच्या बाकावरची चादर ओढली आणि वाकून बघायला हात टेकला. हात आत गेला. बाक मोडून खाली बसला.

वाळवी. खालून मातीच्या रेघा चढलेल्या, लाकडाचा आतून भुसा. मागच्या दोन बाकांपर्यंत पोचली होती. औषध मारायला आलेला माणूस म्हणाला, बंद जागा, वारा नाही, ऊन नाही, वस्तू हलवायची नाही, मग हे होणारच. बाक बाहेर उन्हात काढा आणि दारं-खिडक्या रोज उघडी ठेवा.

जे बाक हलत नव्हते ते तासाभरात अंगणात आले.

"रोज उघडणार कोण?" कुणीतरी विचारलं.

सेक्रेटरींनी माझ्याकडं न बघता किल्ली पुढं केली. "तुम्ही तर इथंच असता."

"पोरं आत निजतील," मी म्हटलं.

"निजू द्या."

रविवारी त्यांनीच जाहीर केलं, की मंडळीनं समाजाच्या सेवेसाठी चर्च खुलं केलं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

आजोबांचा बाक होता तिथं आता गुड्डी निजते. बंद ठेवून इमारत टिकत नाही, एवढं कमिटीला कळलं. पण मी हिशेब विसरलेली नाही. पोरगी पडली तेव्हा त्यांनी माझ्याकडून किल्ली काढून घेतली. बाक पडला तेव्हा परत दिली.